जुने वसतिगृह, दुसरा मजला

सोमवारी सकाळी नांदेडच्या बसमधून लातूरला उतरताना संघपालचं अंग आंबून गेलं होतं. दिवाळीची सुट्टी पोरांना असते, त्याला नसते. पोरं गावी गेली की इमारती रिकाम्या होतात, आणि इमारती रिकाम्या झाल्या की त्याची कामं निघतात. गुरुपादप्पा सरांच्या क्लासेसच्या दोन शाखा, एक लातुरात औसा रोडला आणि दुसरी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर. दोन्हीकडच्या वायरी, कॅमेरे, छताला लावलेले वायफायचे डबे असं सगळं एकट्या संघपालच्या गळ्यात होतं. आठवडाभर तो नांदेडला शिडीवर उभा होता. आता लातुरात पोरं परतली होती आणि इथली शिडी वाट बघत होती.

जिन्याखालच्या त्याच्या खोलीत कॉम्प्युटरचा एक मोठा पडदा होता. त्या पडद्यावर दोन्ही शाखांमधला प्रत्येक डबा एकेका ओळीत दिसे. जिवंत असेल तर हिरवा ठिपका, मेला तर लाल. ठिपक्यापुढे नाव. सॉफ्टवेअरला नावाची गरज नव्हती. कारखान्यात प्रत्येक डब्यात एक आकडा कोरलेला असतो, त्यावरून ते डबा ओळखत असे. पण तो आकडा माणसाला वाचून काही कळत नाही, म्हणून कुणीतरी नाव द्यावं लागतं. ती सगळी नावं संघपालने दिली होती. आधी इमारत, मग मजला, मग कोपरा. साधी, सरळ नावं.

क्लासेसनी प्रत्येक पोराला एक टॅब दिलेला होता आणि टॅबला पोराचा रोल नंबर. त्यामुळे कोणता टॅब कोणत्या वेळी कोणत्या डब्याखाली होता, हे पडद्यावर काढता येई. सरांनी हे सॉफ्टवेअर त्यासाठी घेतलं नव्हतं. ऑनलाइन टेस्टच्या वेळी नेट बंद पडू नये एवढाच हेतू होता. पण एका जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत अहमदपूरकडच्या एका बापाने विचारलं, माझं पोरगं आत्ता कुठं आहे हे तुम्ही सांगू शकता का. सर हो म्हणाले. पुढच्या वर्षी ते माहितीपुस्तिकेत छापून आलं. तेव्हापासून संघपालच्या कामात एक काम वाढलं: सरांनी रोल नंबर सांगायचा, त्याने कागद काढून द्यायचा.

गेल्या गुरुवारी असाच एक रोल नंबर आला होता. इकरा नावाच्या मुलीचा. नांदेडची, नीटचं दुसरं वर्ष. बाप निजामोद्दीन जुन्या नांदेडात पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे त्यांना तांब्याची नवी तार गुंडाळून द्यायचा. दिवाळीत वसतिगृह जवळपास ओस पडलं होतं, पण ही घरी गेली नव्हती. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं, अभ्यास होत नाही, असं तिने रेक्टर मॅडमला लिहून दिलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत ती एकटीच होती. एका संध्याकाळी रेक्टर शरणम्मा हजेरीला गेली, दार वाजवलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, ताप होता, गोळी घेऊन झोपले होते. शरणम्माने तसं सरांच्या कानावर घातलं. सर म्हणाले, कागद काढा.

संघपालने कागद नांदेडहूनच काढला, दोन कामांच्या मध्ये, मोबाईलवर, शिडीच्या पायरीवर बसून. वाचलासुद्धा नाही नीट. सरांकडे पाठवून दिला. कागदावर लिहिलेलं होतं की सलग तीन संध्याकाळी इकराचा टॅब ‘जुने वसतिगृह, दुसरा मजला’ या डब्याखाली होता.

जुनं वसतिगृह म्हणजे मागच्या अंगाची तीन मजली इमारत. आधी तिथं मुलं राहायची. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी दोन-तीनदा जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज आले, एकदा पंखे हलले. इतर कुठल्या जिल्ह्यात पंखे हलले असते तर लोक हसून कामाला लागले असते. लातुरात त्या संध्याकाळपर्यंत निम्म्या मुलांचे आईबाप जीपगाड्या घेऊन फाटकाशी आले. जिन्याच्या भिंतीला एक भेग होती. ती आधीपासून होती की नाही, यावर कुणाचं एकमत झालं नाही. सरांनी दोन दिवसांत इमारत रिकामी केली आणि मुलांना भाड्याच्या जागेत हलवलं. तेव्हापासून तिथं मोडक्या खाटा, गाद्या आणि जुनं सामान पडून असतं. कुलूप नावापुरतं.

एकटी मुलगी, रिकामी इमारत, संध्याकाळची वेळ. कागद एवढंच म्हणत होता. बाकीचं ज्याने त्याने आपापल्या मनाने भरलं.

सोमवारी दुपारी बाराला निजामोद्दीनला बोलावलं होतं. मूळ कागदावर संघपालची सही हवी असा सरांचा निरोप होता. त्याने चहा मागवला, पडदा चालू केला आणि कागद पुन्हा काढायला त्या डब्याची ओळ उघडली.

त्या क्षणी त्या डब्याखाली अकरा टॅब होते.

सकाळचे नऊ वाजले होते. रिकाम्या, भेग पडलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा टॅब चालू होते आणि अकराही रोल नंबर मुलींचे होते. त्याने एकेक नंबर लावून बघितला. सगळ्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोल्यांमधल्या. एक इकरा सोडली तर सगळ्या काल संध्याकाळी गावाहून परतलेल्या.

चहा आला, निवला. संघपाल पडद्याकडे बघत राहिला. आठवायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि आठवल्यावर ते कधी विसरलो हेच त्याला कळेना. वसुबारसेच्या दिवशी वायरमन वीरण्णाचा फोन आला होता. मुलींकडचा तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला डबा जळाला म्हणून. संघपाल तेव्हा विष्णुपुरीत छतात डोकं घालून उभा होता. तो म्हणाला होता, जुन्या वसतिगृहातला एक काढून तिथं लावा, मी आल्यावर बघतो. वीरण्णाने तासाभरात लावला. वीज मिळताच डब्याने आपला आकडा सांगितला, सॉफ्टवेअरने तो ओळखला, त्याचं जुनंच नाव त्याच्यापुढे मांडलं आणि ठिपका हिरवा केला. डबा मुलींच्या दारासमोर लोंबत होता आणि नाव मुलांच्या पडक्या इमारतीचं घेऊन बसला होता.

जळालेल्या डब्याचा लाल ठिपका संघपालने मोबाईलवरून तेव्हाच बंद करून टाकला होता; या डब्याचा लाल असता तर त्याने लगेच पाहिला असता. बंद पडलेल्या डब्याचा अलार्म वाजतो. नाव चुकलं तर काहीच वाजत नाही.

खरं तर त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. लातूरचा मोठा भूकंप झाला तेव्हा तो तिसरीत होता. त्यांचं गाव उठून चार किलोमीटरवर नव्या जागी बसलं, आणि गावाबरोबर गल्ल्यांची नावंही चालत आली. नव्या गावात सगळी घरं एका साच्यातली, रांगेने, दारावर आकडे. आकडे कुणी वाचत नसे. वडाची गल्ली म्हणत, पण तिथं वड नव्हता. बारवेकडची घरं म्हणत, बारव मागेच दगडांखाली राहिली होती. त्याची आई नागुबाई एका संध्याकाळी रानातून आली ती थेट दुसऱ्याच घरात शिरली आणि चूल पेटवून बसली. घरधनीण आली तेव्हा दोघी हसल्या आणि मग रडल्या. बाहेरून नवी मास्तरीण आली, तिने वड कुठे आहे विचारलं, तर लोकांना प्रश्नच कळला नाही. त्या गावात वाढलेल्या माणसाला नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे असण्याचं काही वाटत नाही. संघपालला वीरण्णाच्या फोननंतर काही वाटलं नव्हतं ते त्यामुळेच.

तो सही न करताच सरांच्या केबिनमध्ये गेला.

गुरुपादप्पा सर साठीकडे झुकलेले, अंगाने बारीक, कपाळाला भस्म. एकेकाळी भाड्याच्या एका खोलीत ते भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि अजूनही फळा दिसला की त्यांचा हात खडू शोधतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की त्या डब्याचं नाव आत्ता बदललं तर काय होईल.

संघपालने सांगितलं, ‘नाव बदललं की मागच्या सगळ्या नोंदींवरबी नवंच नाव येतं, सर. हा डबा दोन वर्षं मुलांकडं होता. आता त्याला मुलींच्या तिसऱ्या मजल्याचं नाव दिलं, तर दोन वर्षांखालची चाळीस पोरं मुलींच्या वसतिगृहात झोपलेली दिसतील.’

सर हसले नाहीत. ‘मंजे कशावरच भरवसा न्हाई म्हण की.’

‘जागेवर जाऊन बघितलं तर हाय.’

‘जागेवरच जायचं होतं तर एवढ्याला घेतलं कशाला मी ते.’

सर उठून खिडकीशी गेले. खाली नवीन बॅचच्या मुली जेवणाचे डबे घेऊन मेसकडे चालल्या होत्या. ते बराच वेळ बोलत राहिले, आवाज न चढवता. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलगी निर्दोष असेल तर तिला काढायचं नाही, हे उघड आहे. पण आज एका बापासमोर आपण म्हटलं की कागद चुकला, तर उद्या हजार बाप विचारतील की माझ्या पोराचा कागद बरोबर कशावरून. या कागदांवर आपण आधी पोरं घरी पाठवली आहेत. तेव्हा मधला रस्ता काढायचा. मुलीला माफ करायचं. तिने चार ओळींचा माफीनामा लिहून द्यायचा, पुन्हा असं होणार नाही म्हणून, आणि विषय संपवायचा. मुलगी राहील, बाप खूश, कुणाची नोकरी जाणार नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी संघपालकडे बघितलं नाही.

‘तू तिथं बस फक्त,’ ते म्हणाले. ‘बोलायचं मी बोलतो.’

संघपालने मान हलवली. त्याला त्या वेळी खरंच वाटलं की हे बरं आहे. पहाटेपासून बसमध्ये मान अवघडलेली, आठवडाभर झोप नाही. मुलगी राहणार म्हणजे झालं. बाकीचं निवांत दुरुस्त करू.

बाराच्या सुमारास निजामोद्दीन आला. पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांच्या टोकांना वॉर्निशचे कधीच न निघणारे डाग. बरोबर कुणाला आणलं नव्हतं. मुलीच्या आईला काय सांगून निघालो हे त्याने आपणहून सांगितलं: मोटारीचं कॉपर आणायला लातूरला जातो. शरणम्मा इकराला घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. मुलगी डोक्यावरून ओढणी घेतलेली, डोळे सुजलेले, पण उभी ताठ होती. तिने बापाकडे बघितलं. बापाने टेबलावरच्या काचेकडे.

सर चांगलं बोलले. मुलगी हुशार आहे, मार्क वाढताहेत, वय असं असतं, आम्हीही आईबाप आहोत. क्लासेस तिला माफ करत आहेत. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

निजामोद्दीनने दोन्ही हात जोडले. ‘लई मेहेरबानी, सर. तुमचे उपकार हायेत.’ मग मुलीकडे न बघता म्हणाला, ‘लिही बेटा.’

इकराने पेन उचललं नाही.

‘मी तिथं गेलेच न्हाई,’ ती म्हणाली. ‘ती बिल्डिंग आतून कशी हाय तेबी मला ठाऊक न्हाई.’

‘लिही म्हणतो ना.’

‘काय लिहू अब्बा? जे केलंच न्हाई ते पुन्हा करणार न्हाई, असं?’

शरणम्मा दारातून म्हणाली की सर माफ करताहेत तर एवढं ताणायचं कशाला. निजामोद्दीनने जोडलेले हात सोडले आणि तो पहिल्यांदा मुलीकडे वळला. त्याचा आवाज इतका खाली होता की संघपालला पुढे झुकावं लागलं.

‘ऐक. सामान बांधून घरी आणलं तुला, तर का आणलं हे गल्लीत कोणी मला विचारणार न्हाई. आपसात बोलतील. तुझ्या खालाने हैदराबादचं स्थळ धरून ठेवलंय दोन वर्षं झाली, मीच थांबवलंय. मग मला थांबवता येणार न्हाई. नीटचं नाव पुन्हा घरात निघणार न्हाई. कळतंय ना तुला?’

‘कळतंय,’ इकरा म्हणाली.

‘मग लिही.’

ती रडत नव्हती. तिने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. ‘मी लिहिलं तर मी गेले होते असं होतं,’ ती म्हणाली. ‘तुमी बी तेच समजाल. जन्मभर. न्हाई लिहिणार. बांधते सामान.’

आणि ती वळली.

संघपालने पुढे काही ठरवून केलं असं नाही. तो खुर्चीतून उठला.

‘तो डबा तिच्या दारासमोरच हाय,’ तो निजामोद्दीनला म्हणाला. ‘जुन्या इमारतीतून आम्हीच काढून तिथं लावला. नाव बदलायचं माझ्याकडून राहिलं. पोरगी खोलीतच होती.’

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘संघपाल,’ ते म्हणाले, ‘तू बाहेर थांब जरा.’

‘थांबतो सर. आधी यांना दाखवून आणतो.’

निजामोद्दीन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मोठ्या माणसाने माफ केलंय ते या लहान माणसाच्या बोलण्यावर सोडायचं की धरून ठेवायचं, याचा हिशेब त्याला लागत नव्हता. शेवटी त्याने मुलीकडे बघितलं. ती दारात थांबली होती.

‘दाखवा,’ तो म्हणाला.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर मनाई होती. बापालासुद्धा. शरणम्मा पुढे गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचताच तिने टाळ्या वाजवल्या आणि जेन्ट्स येतायत, आत व्हा, अशी हाळी दिली. दारं भराभर लागली. लांब पडवी, दोरीवर टॉवेल, कुठूनतरी तेलाचा वास. टोकाला, शेवटच्या दाराच्या वर, छताला एक पांढरा गोल डबा होता. वीरण्णाने घाईत ठोकलेला, एक स्क्रू तिरका.

संघपालने मोबाईलवर ती ओळ उघडली आणि निजामोद्दीनला वाचायला दिली. ‘जुने वसतिगृह, दुसरा मजला.’ खाली एक बटण होतं. डबा कुठे आहे हे सापडत नसेल तेव्हा ते दाबायचं असतं, मग त्या डब्याचा दिवा उघडझाप करतो.

‘तुमीच दाबा,’ संघपाल म्हणाला.

निजामोद्दीनने काळवंडलेल्या बोटाने बटण दाबलं. चार-पाच श्वासांइतका वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या डोक्यावरच्या डब्यात निळा दिवा लागला, विझला, लागला.

शरणम्मा वर बघत राहिली. तिने पदराने तोंड पुसलं. एका दाराच्या फटीतून दोन मुली बघत होत्या, त्यांना तिने हटकलं नाही. निजामोद्दीनने मोबाईल परत दिला. त्याला वाटलं असावं की आता काहीतरी बोलायला हवं, पण तो बोलला ते वेगळंच.

‘हीच का तुझी खोली?’

इकराने दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा राहिला, आत पाय टाकला नाही. तीन खाटा, भिंतीला चिकटवलेली सूत्रं, खिडकीत वाळत घातलेला कुर्ता, उशीखालून डोकावणारा टॅब. दोन वर्षं तो या खोलीसाठी मोटारी बांधत होता आणि आज पहिल्यांदा बघत होता. ‘उजेड बरा हाय,’ तो म्हणाला.

इकरा म्हणाली, ‘अब्बा, मी राहते. मेपर्यंत.’

‘राहा.’ मग भिंतीवरच्या सूत्रांकडे बघत, ‘मी बोललो ते…’

‘तुमची बस हाय अडीचला,’ ती म्हणाली. ‘जेवून जा.’

पण ती आत गेली नाही. शरणम्माकडे वळून तिने विचारलं की आपल्या दोन्ही खाटशेजारणींच्या आयांनी खोली बदलून मागितली आहे, त्याचं काय. शरणम्मा निलंग्याच्या पलीकडची, कडक बाई. मुली तिच्या चपलांचा आवाज ओळखायच्या. तिने हातातल्या मोबाईलकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, जिथून सर वर येण्याची शक्यता होती, आणि आले नव्हते. मग तिथेच पडवीत उभी राहून तिने पहिल्या आईला फोन लावला.

‘हां ताई, शरणम्मा बोलती. त्या इकराचं काय नव्हतं हो. पोरगी खोलीतच होती. चूक आमची झाली. मी सोता बघून सांगती.’ पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. ‘न्हाई, न्हाई. सरांनी सांगितलं म्हणून न्हाई. मी बघितलं म्हणून सांगती.’

मग दुसरीला लावला.

खाली उतरताना निजामोद्दीन एक पायरी मागे होता. जिन्याच्या वळणावर त्याने संघपालला थांबवलं. तो रागावलेला नव्हता, त्याने आभारही मानले नाहीत. एवढंच विचारलं की असे कागद आणखी किती निघाले.

‘या वर्षात थोडेच,’ संघपाल म्हणाला. ‘पण निघाले.’

‘त्यांचे बाप बी आले असतील.’

‘आले होते.’

‘हात जोडून गेले असतील,’ निजामोद्दीन म्हणाला आणि मेसची वाट विचारून निघून गेला.

सरांनी संघपालला पुन्हा बोलावलं नाही. दुपारी त्यांचा निरोप आला, ऑफिसच्या मुलीकडून: महिनाअखेर बघू म्हणावं, तोवर सगळे डबे तपासून घे. सगळे म्हणजे दोन्ही शाखांतले. हे शिक्षा म्हणून सांगितलं की काम म्हणून, हे निरोपावरून कळत नव्हतं. संघपालने जिन्याखालच्या खोलीचं दार लोटून घेतलं. आधी त्या डब्याची जुनी ओळ बंद करून टाकली, म्हणजे मागच्या वर्षीची पोरं जिथं होती तिथंच राहतील, आणि त्याच डब्याची नवी ओळ सुरू केली. मुलींचे वसतिगृह, तिसरा मजला, पूर्व टोक. मागचा इतिहास कोरा. मग तो यादीच्या वरून सुरू झाला. बटण दाबायचं, वीरण्णाला फोन करायचा, चमकतोय का विचारायचं. मुलींचा पहिला मजला बरोबर निघाला. दुसराही. वर्गखोल्या बरोबर. वीरण्णा दर फोनला जिना चढून दमला होता आणि तसं बोलूनही दाखवत होता.

लातूरचे संपल्यावर त्याने नांदेडच्या शाखेला फोन लावला. तिथला वॉचमन ईश्वरप्पा जेवून उठला होता. संघपालने एकेक नाव घेतलं, ईश्वरप्पा मोबाईल कानाला लावून चालत राहिला. फाटक, हाय. मेस, हाय. मग संघपालने पुढची ओळ उघडली: नांदेड, गच्चीवरची खोली. गच्चीवर पोरं बिडीकाडी ओढायला जातात म्हणून तिथं जायला बंदी होती. त्याने बटण दाबलं.

ईश्वरप्पा धापा टाकत गच्चीवर गेला. ‘इथं तर डबाच न्हाई, साहेब. नुस्ती वायर लोंबून राहिली.’

‘खाली बघा कुठं चमकतोय का.’

पावलांचा आवाज आला, मग दार, मग पुन्हा पावलं. संघपालने डोळे मिटून घेतले होते. त्याची मान दुखत होती.

‘घावला,’ ईश्वरप्पा म्हणाला. ‘खालच्या मजल्यावर हाय. सतरा नंबरच्या म्होरं. निळा निळा होऊन राहिलाय.’

‘सतरामध्ये कोण राहतं?’

‘आता कोणीच न्हाई. पंचाक्षरी होता, देवणीकडचा. पोळ्याच्या टायमाला त्याच्या बापाने नेला घरी.’

‘का नेला?’

‘ते तुमालाच ठाऊक, साहेब,’ ईश्वरप्पा म्हणाला. ‘रोज गच्चीवर असतो म्हणून कागद तुमचाच आला होता.’

संघपालने डोळे उघडले. पडद्यावर त्या ओळीपुढचा ठिपका हिरवा होता. त्याने पेन शोधलं, हाताच्या तळव्यावर टोक घासून चालतं का बघितलं, आणि ईश्वरप्पाला म्हणाला, ‘त्याच्या बापाचा नंबर असंल तुमच्याकडं. सांगा.’